दोन्ही चाकं एकाच दिशेला

सोलापूर, ८ ऑक्टोबर १९७४, मंगळवार

गेल्या आठवड्यात वैरागच्या वळणावर आमची पिकअप वळलीच नाही, सरळ खड्ड्यात गेली. गाडी चालवणाऱ्या दादाचा हात मोडला, वर अप्पांनी त्यालाच आंधळा ठरवलं.

आज गॅरेजात मिस्त्रींनी तिची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. डावं मी फिरवलं. मिस्त्री म्हणाले, "आता उजवं उलटं फिरायला हवं." तेही त्याच दिशेला फिरलं! परत फिरवलं. तसंच.

"वळताना दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारं आतलं डिफरन्शियल वेल्डिंग मारून जाम केलंय, ताई. वळणार कशी?"

कुणी केलं हे? दादा प्लास्टरचा हात धरून उभा. अप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मीच करून घेतलं. चिकलात एकच चाक गरगरायचं, गाडी रुतायची की."

म्हणजे दादाला आंधळा म्हणताना अप्पांना सगळं ठाऊक होतं!