निंबाकडची खिडकी

२ डिसेंबर
वरवट बकाल सोडून आज तेवीस दिवस! उंद्रीच्याही पलीकडं, शाळेची नवी खोली बांधून राह्यलो. करमत नाही. हे काम झालं की सुरतेले जाईन. की पुण्याले? पाहू.

३ डिसेंबर
खिडक्या पाच फुटावर. इंजिनियर साहेब म्हणे, "पोरांचं ध्यान बाहेर नको जायले."
दुपारी निशिगंधा आली. दहा वर्षांची पोर, कडेवर लहाना भाऊ. मायबाप कापूस वेचायले जातात, पोरगं हिच्या गळ्यात. शाळेच्या टायमातही दोघं जुन्या खोलीजवळ, निंबाखालीच. भिंतीकडं पाहून म्हणे, "दादा, खिडकी इतकी वर काऊन?"
समजलो, वर्गात बसून भाऊ दिसला पाह्यजे! चौथीत मीही बहिणीले, पूनमले, शाळेत न्यायचो. बाहेर बसवायचो. खिडकीतून दिसायची नाही. घडीघडी उठून पाह्यचो, मास्तर मारायचे. मग शाळाच सोडली.

४ डिसेंबर
पुंजाजी मिस्त्रीले म्हटलं, खिडकी खाली घेऊ.
"नकाशात हाये ते कर बे! तू काय साहेब झाला?"

८ डिसेंबर
साहेब आले. बोललोच! "बहीण बसल्या जागेवरून दिसली असती त साहेब, मी शिकलो असतो." पुंजाजी डोळे वटारून. साहेबांनी भिंतीले टेप लावला. मग म्हणे, "एकाच भिंतीच्या खिडक्या खाली घे. तीन फुटावर. कोणत्या, तूच सांग."
निंबाकडच्या! विटांचे सहा थर मीच काढले. आज पळून जावं वाटलं नाही.

१५ डिसेंबर
गिलावा सुरू. कंबर मोडली.

२० डिसेंबर
निंबाकडच्या भिंतीले, दोन खिडक्यांच्या मधात, आतून फळ्याचा गिलावा केला. घोटून घोटून एकदम गुळगुळीत. पुंजाजी म्हणे, "हात बसला बे तुहा!"

त्याच दिवशी, संध्याकाळी
निशिगंधा आली. खोलीत गेली नाही. भावाले कडेवर घेऊन बाहेरूनच खिडकीत वाकली.
"दादा, फळा कुठं हाये?"
"याच भिंतीले, आतून."
"मंग मले कसा दिसन? हा रडते म्हणून वर्गात बसू देत नाही. जुन्या खोलीत खिडकीतून फळा पाहूनच शिकली मी."
तिले आत पाह्यचं होतं. मी विचारलंच नव्हतं.
गिलावा अजून ओला आहे, खरडता येईन. फळा समोरच्या भिंतीले. धुऊन ठेवलेली थापी परत काढतो.