हिरव्या रकान्याची मालकीण

प्रिय भिंगरी,

तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, उजेडात धरून वाच. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण मी फोन लावायचा म्हणजे दुकानातूनच, आणि तिथे तुझी आई असते. तिचे कान तुला माहीत आहेत.

तू दुकानाच्या टॅबवर ते बुकिंगचं ॲप बसवून गेलीस त्याला दोन महिने झाले. पहिले आठ दिवस मी रुसले होते, आता सांगायला हरकत नाही. माझी गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायची वही कपाटात टाकलीस ना. पण आता उठल्याबरोबर मी तेच उघडते. तुझ्या आईचं केस कापायचं खातं हिरवं, काकाचं शिवणकाम निळं, भाड्याने द्यायचा वरचा हॉल पिवळा. हॉल तुझ्या बाबांकडे दिलास म्हणून पिवळा रकाना बहुतेक रिकामाच असतो. माझाच मुलगा आहे, जास्त बोलत नाही.

गंमत ऐक. तू ज्याला त्याला आपापल्या खात्यापुरतंच दिसेल असं करून ठेवलंस. तर मागच्या आठवड्यात एक नवरी मुलगी अकराला तुझ्या आईकडे केसांसाठी लिहिलेली आणि अकरालाच काकाकडे झगा घालून बघायला. तुझी आई पुढे दारात, पोरगी आली नाही म्हणून धुसफुसतेय, आणि पोरगी मागच्या खोलीत, अंगभर टाचण्या, हलायची सोय नाही. मध्ये एक भिंत. दोन्ही रंग दिसत होते ते मला एकटीला, कारण ॲपात तू मला मालक केलंयस. मी खुर्चीतूनच सांगितलं, अगं ती मागे आहे. काका म्हणाला, वहिनींनी विचारायचं ना मला. तुझी आई म्हणाली, कुठे विचारू भावोजी, भिंतीला? मग दोघं माझ्यापुढे येऊन मला म्हणाली, आई, आम्हाला एकमेकांचं दिसू द्या, ते तुमच्याच हातात आहे.

खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तीन दिवस दोघांना झुलवलं. चष्मा सापडत नाही म्हटलं, तर चष्मा नाकावर. चौथ्या दिवशी बोटाने दाबलं आणि झालं. आता काका मागून हाक मारतो, वहिनी, तुमची तीनची बाई माझ्याकडे चारला आहे, तिला तशीच इकडे पाठवा. दोघांचं छान जमलंय.

पण त्या तीन दिवसांत मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून हिरवा रकाना वरखाली फिरवत बसले. वहीत एका पानावर एक दिवस असायचा, पान उलटलं की विसरला. इथे महिनाच्या महिना समोर उभा राहतो. नऊपासून सातपर्यंत नुसतं हिरवं. जेवायला पाऊण तास ठेवलाय, त्यातही कुणी ना कुणी घुसवलेलं. सुट्टी म्हणून दोन महिन्यांत अर्धा दिवस. तो कशाला घेतला ते आठवून बघितलं, तर मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मालक बदलायचं बटण मी शोधून काढलं, पण ते तुझ्याकडूनच होईल असं तिथे येतं. तर तुझ्या आईला मालक कर. तिला आधी विचारू नकोस, नाही म्हणेल. सव्वीस वर्षं वही मी मांडीवरून खाली ठेवली नाही. तिला माहेरी जायचं असलं की ती येऊन उभी राहायची, आणि मी सावकाश पानं चाळत बसायची, जागा आहे का बघते म्हणून. जागा असायची गं. मला काय ते नुसतं बघायला ठेव, तेवढं पुष्कळ आहे. पण ॲपातल्या नावांच्या यादीत तिच्या नावापुढे कर्मचारी लिहिलंय. तू घाईत लिहिलं असशील, मी इतकी वर्षं न लिहिता तेच केलं. ते आधी पूस.

तुझीच, अजून शिकणारी
आजी