डावीकडचं

३ जून
हट्टा ते वसमत फेऱ्या. एका टेम्पोने माझ्या जीपचा डावा आरसा उडवला. रूपाबाई म्हणाली, आरसे तुमचेच काहून फुटतात? बायकोला ट्रॅफिक कळत न्हाई. जन्म गेला काळीपिवळी चालवण्यात. नजर एक नंबर.

१० जून
तिच्या आग्रहापायी नांदेडला डोळे दाखवले. तक्त्यावरची शेवटची ओळ मी फाडफाड वाचली. तरी डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून, लाइट मारून आत बघितलं. म्हणाल्या, काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर चौतीस, हवं वीसच्या आत. मागची नस दोन्हीकडं पोखरलीय, डावी जास्त. मी म्हणालो, तकलीफ तर काहीच न्हाई. त्या म्हणाल्या, होत नाही. कडेचं आधी जातं, समोरचं शेवटी. पुढं बरंच बोलल्या. रोज थेंब, गाडी बंद.
बंद म्हणजे हळू चालवा, असंच असणार. उद्यापासून थेंब बराबर.

१९ जून
थेंब झोंबतात. म्हणजे औषध कडक आहे. दिवसाआड पुरे.

२ जुलै
थेंब संपले. नांदेडला जायचंय, पण सध्या गिऱ्हाईक चांगलं आहे. आज एकदम क्लिअर. लांबचा बोर्ड रूपाबाईला वाचून दाखवला. तिनं थेंबांची रिकामी बाटली माझ्यापुढं ठेवली.

१४ जुलै
स्टँडवर जीप पुढं घेतली. रामजी डावीकडून येत होता. रोजचा पॅसेंजर, वसमतला भाजी नेतो. चाक पायावरून गेलं. दवाखान्यात म्हणाला, सटवाजी, मी हात केला होता. तू माझ्याकडंच बघून राहिला होतास.
मला कोणी दिसलं न्हाई.

२९ जुलै
रामजीच्या पायानंतर रूपाबाईनं मला परत नांदेडला नेलं. आता थेंबांनी भागेना. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट करून दिली. पट्टी आहे, उजव्यानं लिहून राहिलो. प्लॅन: पोळ्यापर्यंत डोळा नीट, गाडी सुरू. पहिली फेरी रामजीला फुकट.

२० ऑगस्ट
प्रेशर चौदा. डॉक्टरीणबाई खूश. विचारलं, डावीकडचं कधी दिसेल? म्हणाल्या, काका, गेलेलं येत नाही. राहिलेलं वाचावं म्हणून ऑपरेशन केलं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रूपाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, व्हय, सांगितलं होतं.
परत येताना वसमतहून काळीपिवळीत मागच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर नवा, मला ओळखत नव्हता. विचारलं, बाबा, कुठं उतरायचं?
हट्टा, म्हणालो.
रूपाबाईनं दोघांचं भाडं दिलं.