लेव्हल बावीस

सोमवार, ३ मार्च
आमचं सॉफ्टवेअर फायली दाबून लहान करतं. लेव्हल एक ते नऊ. एकला झटपट पण फाईल जाडी, नऊला वेळ लागतो पण फाईल बारीक. बाजारात मात्र बावीसपर्यंत लेव्हल आल्यात. साहेब म्हणाले, शुक्रवारी जो बावीस करून दाखवेल तो टीम लीड. बघत माझ्याकडेच होते. (माझ्यामागे घड्याळ आहे, पण ते बंद आहे.) बायकोला सांगून टाकलं. म्हणाली, झाल्यावर सांग. हिला कसलं म्हणून कौतुक नाही.

मंगळवार
स्लायडर बावीसपर्यंत सरकतो. अर्धं काम फत्ते! टेस्टरबाई म्हणतात, नऊच्या पुढे कितीही सरकवा, फाईल तेवढीच येते. बाई इथे वीस वर्षं चुकाच शोधतायत, नजर तशीच झालीय.

बुधवार
बावीस खरोखर चालू! चाळीस मिनिटं लागली, पंखा घरघरला, पण फाईल एकसष्ट एमबी. नऊला त्रेसष्ट होती. दोन एमबी काय झाडाला लागतात? बाईंनी विचारलं, दाबलेली परत उघडून पाहिली का. म्हटलं, आत गेलं ते बाहेर येणारच, जाईल कुठे. बाई प्रोग्रॅमची कॉपी घेऊन गेल्या. जळतात.

गुरुवार, दुपार
डिस्क भरली. मग भन्नाट सुचलं: प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर बावीसला दाबलं आणि मूळ उडवलं. माझाच माझ्या कामावर विश्वास नसेल तर साहेबांचा कसा बसणार?

शुक्रवार, ९.४०
अकराला डेमो. किरकोळ अडचण. नवा प्रोग्रॅम फोल्डरमध्ये, फोल्डर दाबलेल्या फाईलमध्ये, आणि ती फाईल उघडायला नवाच प्रोग्रॅम लागतो.

१०.१५
जुना प्रोग्रॅम म्हणतो, 'अनोळखी लेव्हल'. दहा वेळा तेच. उद्धट. तोही मीच लिहिलाय.

१०.५०
साहेबांना म्हटलं, सुरक्षितता जरा जास्तच पक्की झाली. ते खुर्चीत बसले.

१२.००
बाईंकडे बुधवारची कॉपी होती. फाईल उघडताना येणाऱ्या दोन चुकाही त्यांनी दुरुस्त केल्या होत्या. डेमो त्यांनीच दिला. टाळ्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, म्हणजे काम कुणाचं ते लोकांना कळावं.

सोमवार, १० मार्च
बाई टीम लीड. घरी सांगितलं, निर्णय लांबणीवर पडलाय. बायकोने पुढचं विचारलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाईंनी पहिलं काम मला दिलं: प्रत्येक लेव्हलची एकेक फाईल उघडून बघायची आणि वहीत खूण करायची. मी तोंड पाडून उभा. तेव्हा म्हणाल्या, "काम चांगलं होतं हो तुमचं. म्हणून तर जपून ठेवलं."

लाजही वाटली, बरंही वाटलं. मनात म्हटलं, आजच्या आज बावीसच्या बावीस संपवून दाखवतो.

संध्याकाळी ६
तीन झाल्या. चौथी उघडत नाहीये.