देवीची वाट मी चुकवली नाही

शहाड,
जत्रेनंतरचा बुधवार

चिरंजीव दिपेश यास सगुणाकाकीचा पोटभर आशीर्वाद. सूनबाई भावना खुशाल असेल, आणि वागळे इस्टेटच्या त्या फिरत्या खुर्चीत तुझी पाठ अजून ताठ असेल अशी आशा करते. माझे गुडघे कुरकुरतात, पण सध्या माझ्याविरुद्ध कुरकुरणाऱ्यांत त्यांचा नंबर फार खाली आहे.

गावदेवीच्या पालखीचा बभ्रा वर्तकनगरपर्यंत पोचला असेलच. तरी माझ्या तोंडून ऐक, कारण गोविंदाचं ऐकशील तर मी देवी पळवली असंच तुला वाटेल. (गोविंदा म्हणजे आपल्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. फोटो आडवा आला की हा मान आडवी करतो.) पालखी आधी कुणाच्या दारी यावरून दरवर्षी डोकी फुटतात, म्हणून यंदा मी फोनसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला. व्हिडिओ बघून शिकलेय, कुणाच्या दारात शिकवणीला गेले नाही. घरांची एक रांग करायची, फोन एकेक नाव पुकारणार, भोई त्या दारी थांबणार. त्यात मी एक अट घातली: ज्या दाराला कुलूप, ते घर रांगेतून काढायचं. रिकाम्या दारापुढे देवीला ताटकळत का ठेवा?

इथेच माशी शिंकली. समज, वाढपी पाटाच्या नंबराने पंगत वाढत चाललाय. तिसऱ्या पाटावरच्याला तू उठवलंस, तशी सगळी पंगत एकेक पाट पुढे सरकली. चौथा तिसऱ्यावर आला. वाढपी मात्र ठरल्याप्रमाणे चौथ्या पाटाकडे गेला. तिसऱ्यावरचा राहिला उपाशी! प्रोग्राम रांगेतून फिरत असतानाच मी कुलपाचं घर काढलं, नि शेजारचं उघडं दार असंच वगळलं गेलं. ते दार नेमकं रंगूबाईचं. म्हातारी नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, आणि भोई फोनमध्ये डोळे घालून तिच्यासमोरून पुढे. "सगुणे, देवीनं माझं काय वाईट पाह्यलं गो?" एवढंच बोलली. तेव्हापासून दुपारच्या चहाला येत नाही. चहा मी दोघींचा टाकते, आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात.

गोविंदा म्हणतो, "काकी, तुम्ही भाकऱ्या थापा, देवीला आम्ही फिरवतो." मी म्हटलं, अरे, पहिली भाकरी करपली म्हणून कुणी चूल मोडत नाही. घरात चाळण असताना मी बोटांनी खडे वेचत बसले, एवढीच माझी चूक. प्रोग्रामच्या भाषेतच फिल्टर नावाची तयार चाळण आहे. ती मूळ रांगेला बोट लावत नाही. अटीत बसणारी घरं घेऊन वेगळी नवी रांग करून देते. मग फॉर-ईच नावाचा हुकूम त्या रांगेत दारोदार फिरतो, आणि आपल्या भोयांसारखा मध्येच विडीला थांबत नाही. मॅप नावाच्या दुसऱ्या हुकुमाला ती रांग दिली की प्रत्येक घरामागे एक निरोप तयार: देवी येतेय, ताट लावा. हे सगळं आयतं मिळत असताना मी का घाबरू?

येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. पालखी पुन्हा निघालीच पाहिजे, एकट्या रंगूबाईच्या दारासाठी का होईना, आणि माझ्याच प्रोग्रामवर निघाली पाहिजे, हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगणार आहे. नाही म्हणाले तर पालखीच्या दांड्याला मी स्वतः खांदा देईन. गुडघ्यांना तसं बजावून ठेवलंय.

तुझी, कुणाला न बधणारी,
सगुणाकाकी

ता. क. नवा प्रोग्राम अजून चालत नाही. कुठेतरी एक कंस उघडा राहिलाय, तो तू येऊन बघ. गोविंदाला कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. आख्ख्या गावात कुलूप लागलेलं घर एकच होतं. रंगूबाईच्या भिंतीला भिंत लागून कुणाचं घर आहे ते तुला सांगायला नको. भाऊजी गेल्यापासून तू ते उघडलेलं नाहीस. कुलूप गंजलंय, किल्लीबरोबर थोडं तेल आण. माझी अट मी बदलणार नाही, घरचा म्हणून तुलाही सूट नाही. रविवारी दार तू उघड.