माझं तळं

३ मे
पहिली आली ती धाकटी जाऊ, उताराखाली राहते ती. अंगणातला खड्डा बघून म्हणाली, वहिनी, कोणाला पुरताय? म्हटलं, तळं करतेय. तिच्या मागोमाग दगडांचा अभ्यास करणारी दोघं, एक बाई आणि एक चष्मेवाला. आमच्या पायरीच्या दगडात शिंपले दाखवले. म्हणे ही अख्खी टेकडी चुनखडीची, इथे कधीकाळी समुद्र होता, गाळाचे थर बसून दगड झाला. किटलीत पांढरं साचतं तेही ह्याच दगडाचं. आणि मी उगाच सुनेला बोलत होते, किटली नीट घासत नाही म्हणून.
एवढा समुद्र मावला तर माझं तळं का नाही मावणार? नात दोन आठवड्यांनी येतेय. गेल्या खेपेला दिवसभर जाऊच्या तळ्यात, माझ्याकडे फक्त झोपायला. यंदा तसं चालायचं नाही.

६ मे
पाणी भरलं. चहा होईस्तोवर गायब. तहानलेली जमीन, पहिलं पाणी पिणारच. हे म्हणाले, अगं, पाण्याने चुनखडी झिजते, आत पोकळ्या असतात, ती बाई सांगत नव्हती का? परक्या बाईचं बोलणं ह्यांच्या बरोबर लक्षात राहतं.

९ मे, दुपार
सकाळपासून पाइप सोडलाय. खड्डा कोरडा. निश्चय: उद्यापासून जास्त वेळ सोडायचा.
जाऊ सांगून गेली, भर उन्हाळ्यात तिचा झरा जोरात आहे, तळं काठोकाठ. नशीब एकेकाचं. आम्ही आपलं राबायचं.

१२ मे
दगडवाली दोघं पुन्हा आली. खड्ड्यात पाइप सोडून त्या पाण्यात हिरवा रंग ओतला, बाधत नाही म्हणे. पाणी कुठे जातं ते बघायचंय. मी म्हटलं, जातंय कुठे, मुरतंय. रंग छान दिसला. माझं तळं असंच दिसणार.

१३ मे, सकाळ
जाऊ आली. हातात हिरवा टॉवेल. काल पांढरा होता. तिचं तळंही हिरवंगार. तिच्यामागून आलेला चष्मेवाला म्हणाला, आजी, तुमचं पाणी दगडाच्या भेगांतून थेट ह्या धाकट्या आजींच्या झऱ्याला जातं. जाऊ म्हणाली, वहिनी, पाइप बंद करू नका हं. हे भिंतीकडे तोंड करून हसत होते.
शांतपणे विचार केला. माझं काही चुकलेलं नाही. तळं झालंय, फक्त जाऊच्या अंगणात झालंय. नातीला सांगायचं, खुशाल डुंब, पाणी आजीचं आहे. जाऊ म्हणाली, मग मालकीणबाई, तुम्हीही रोज खालीच या जेवायला. जाणार आहे. हात हलवत.
दगडवाली दोघं रविवारी पुन्हा येतो म्हणाली.