सत्तावीस नंबरच्या चिठ्ठ्या

प्रिय मुंगी,

फाडायचंच असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. पत्र लिहायचं नाही असं तू बजावलं होतंस आणि माझ्यासारख्या माणसाने ते नऊ महिने तेरा दिवस पाळलं. आज मोडतोय. काल दुपारी मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही. सकाळी एकाच गालाची दाढी करून कामावर गेलो. सिस्टरनी शांतपणे विचारलं, दुसऱ्या गालाची तारीख काय आहे म्हणून. काय झालं ते एका ओळीत सांगता आलं असतं, पण सरळ मुद्द्याला हात घातला की माझ्याकडून सगळाच विचका होतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणून पहिल्यापासून सांगतो.

कॉलेज सोडल्यावर मी काय करतोय हे तू कोणाला विचारलं नसशीलच. मी डबे भरतो. हसू नकोस. एक निवृत्त नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांना त्या दुपारचं जेवण पोचवतात. कमी मीठ, कमी तेल, साखर जवळपास नाहीच. एकतीस डबे. उकडलेलं गाजर, उकडलेला भोपळा, उकडलेलं बीट आणि बदल म्हणून परत उकडलेलं गाजर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, असं खाऊन माणूस शंभर वर्षं जगत असेलही, पण कशासाठी? आता मीही तेच खातो. पोट आत गेलंय, रागही थोडा आत गेलाय. सिस्टर म्हणतात बिटाने रक्त वाढतं. माझं आधीच जास्त होतं, म्हणून मला गाजर.

प्रयोगशाळेतल्या त्या दिवसाचं मी काही लिहिणार नव्हतो, पण एकच वाक्य लिहितो. सर तुला सगळ्यांसमोर बोलले म्हणून मी टेबलावरचं काचेचं सामान खाली लोटलं, तेव्हा मला वाटलं होतं की मी तुझ्यासाठी करतोय. तू म्हणालीस, मी तुला भांडायला सांगितलं नव्हतं, आता माझं नाव तुझ्या तमाशाला कायमचं चिकटलं. ते वाक्य समजायला मला भोपळ्याचे सत्तर-ऐंशी डबे भरावे लागले.

आता चिठ्ठ्यांचं. सिस्टरची एक पद्धत आहे. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कोरी चिठ्ठी लावायची. काय आवडलं, काय उरलं, ते जेवणाऱ्याने लिहायचं आणि रिकाम्या डब्यातून परत पाठवायचं. स्वयंपाकघरात नावं घ्यायची नाहीत, फक्त नंबर. सिस्टरचं म्हणणं, कोणाला पथ्याचं काय लागतं ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे. नावं-पत्ते फक्त त्यांच्याकडे आणि डबे पोचवणाऱ्या सायकलवाल्या काकांकडे. चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे. दोन वर्षांच्या कॉलेजचा हा एकमेव उपयोग.

बाकीचे लोक लिहितात, मीठ कमी, मीठ फारच कमी, मीठ विसरलात का. सत्तावीस नंबर मात्र प्रश्न विचारायचे. पहिलीच चिठ्ठी अशी होती: "बीट खाल्ल्यावर बोटं लाल होतात, मग जीभ पुसली जाते आणि बोटं का नाही?" कोपऱ्यात तारीख आणि वेळ, तीही मिनिटासकट, एक वाजून सात. माझं डोकं फिरलं. एकतीस डबे भरायचे आणि वर या आजोबांची जीभ? मी लिहिलं, आजोबा, चमच्याने खा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, चमच्याने खाल्लं, आता चमच्याबद्दल विचारायचं आहे.

मग ते सुरूच झालं. पाण्यात बोटांना सुरकुत्या पडतात, तशा तोंड धुताना तोंडाला का पडत नाहीत. कांदा कच्चा असताना रडवतो, शिजल्यावर त्याचा राग कुठे जातो. म्हातारपणी झोप कमी होते आणि डुलक्या वाढतात, मग एकूण हिशेब बसतो का. कांद्याचं वाचून मी हसलो. सिस्टरना विचारून, कधी जुनी पुस्तकं चाळून खरी उत्तरं द्यायला लागलो. खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसात मला कोणी काही विचारणारं तेवढंच एक माणूस होतं.

आणि मग, मुंगी, मी त्यांना तुझ्याबद्दल लिहिलं. नाव नाही लिहिलं, शपथ. एवढंच की एक मुलगी आहे, बुटकी, सारखी कामात, स्वतःपेक्षा मोठी ओझी उचलणारी, आणि तिने मला पत्र लिहायला बंदी केली आहे. त्यांनी लिहिलं, "मुलगी शहाणी दिसते. माझी मुलगीही अशीच आहे, तिला तर मीही घाबरतो." पुढच्या चिठ्ठीत सल्ला होता. तो मी पाकिटात जपून ठेवलाय: "स्वतःचं मन हलकं करायला तिला लिहू नकोस. तिच्या कामाचं काही असेल तेव्हा लिही." मी चिडलो होतो. माझं प्रेम तिच्या कामाचं नाही की काय, असं उलट लिहिलंही होतं. त्यावर उत्तर आलं, "भोपळा छान होता."

दीड-दोन महिन्यांपूर्वी त्यांनी विचारलं, डोक्यावरचे केस गळतात आणि भुवयांचे मात्र वाढतात, असं का? मी सिस्टरना विचारून नीट उत्तर दिलं, की म्हातारं व्हायचं पत्रक शरीराच्या प्रत्येक भागाला वेगवेगळ्या दिवशी पोचतं, भुवयांना अजून मिळालेलं नाही. खूश झाले. दहा दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मला वाटलं गंमत करतायत, मीही गंमत केली: डोक्यावरचे केस घसरून भुवयांत अडकतात. मग तिसऱ्यांदा. मी लिहिलं, बिटामुळे. चौथ्यांदा आलं तेव्हा मला ते टोचलं. वाटलं, कॉलेज सोडलेल्या पोराची परीक्षा घेतायत, किती थापा मारतो ते बघतायत. चारएक दिवसांपूर्वी पाचव्यांदा आलं. मी लिहिलं, आजोबा, आरशात बघणं बंद करा. एवढ्याने भागलं नाही. काल सिस्टर बाजारात गेल्या होत्या. मी सायकलवाल्या काकांकडून सत्तावीस नंबरचा डबा हिसकावून घेतला, पत्ता विचारला आणि निघालो. तोंडावर विचारायचं होतं, की माझी टिंगल करून तुम्हाला काय मिळतं.

दार उघडलं त्या माणसाला आजोबा म्हणायला माझी जीभ रेटेना. साठ-बासष्टचा असेल. शर्ट खोचलेला, खिशाला पेन, पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं. माझ्याकडे बघून चेहरा उजळला आणि म्हणाले, "ये, ये, ऑफिसातून आलास ना? कुठली गल्ली दिलीय तुला?" मला काही कळेना. हातातला डबा पाहिला तेव्हा जरा थांबले, मग हसले आणि म्हणाले, अरे, स्वयंपाकघर! ते मला स्वयंपाकघर म्हणतात. मी रागाने भरून गेलो होतो, पण त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला, आणि राग कुठे ठेवावा ते मला समजेना.

मग मी भिंतीवरचा फोटो पाहिला. तू बक्षीस घेतेस तो, स्नेहसंमेलनातला. फोटोच्या उजव्या कडेला फ्रेममध्ये कापला गेलेला चौकड्यांचा एक शर्ट आहे, अर्धाच. कोणाचा आहे ते तुला माहीत नसेल. माझा आहे.

मटकन बसलोच. वडील पाणीपुरवठ्यात आहेत असं तू सांगायचीस, तेव्हा मी टाय लावलेला कोणी साहेब मनात रंगवला होता. घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणारा, म्हणून चिठ्ठीवरसुद्धा मिनिटासकट वेळ टाकणारा माणूस माझ्या डोक्यातच आला नाही. इतके महिने मी तुझ्या वडिलांना आजोबा म्हणत होतो. तुझ्या वडिलांपाशी तुझ्यासाठी रडलो होतो. आणि त्यांचा डबा परगावाहून, फोनवरून, तू स्वतः सिस्टरकडे लावला होतास, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पळून जावंसं वाटलं. ते मात्र डबा घेऊन आत गेले होते, म्हणून मीही मागोमाग गेलो.

धक्का मला त्या फोटोने बसला असं वाटलं होतं. खरा बसला तो आत. त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला, जेवण एका वाटीत काढलं, वाटीवर झाकण ठेवलं, झाकणावर कागद चिकटवून वेळ लिहिली आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली. डबा विसळून मला परत दिला आणि म्हणाले, छान होतं आज. फ्रिजमध्ये अशा अकरा वाट्या होत्या. मी मोजल्या. प्रत्येकीवर वेळ, मिनिटासकट. आम्हाला रोज रिकामा डबा परत येत होता आणि सिस्टर म्हणायच्या, सत्तावीस नंबरसारखं शहाणं जेवणारं कोणी नाही. ओट्याखाली दोन पातेली दिसली, बुडं जळून काळी झालेली, मागे सरकवून ठेवलेली.

ओट्याच्या वरच्या भिंतीवर माझ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. भुवयांच्या पाच उत्तरांची एक ओळ, तारखेप्रमाणे. पत्रकाचं, घसरण्याचं, बिटाचं, चौथं कसलं तरी, आणि शेवटी ते आरशाचं. त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: "एकाच जागेची पाच रीडिंगं, पाचही वेगळी. मीटर बिघडला आहे. त्याचा की माझा?"

मुंगी, त्यांना माहीत आहे. म्हणजे रोज माहीत नसतं, पण अधूनमधून असतं. मी ती ओळ वाचतोय हे पाहून ते पूर्ण शुद्धीत, अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "मुलीला कळवायचं नाही. तिचं परगावी आत्ता कुठे बस्तान बसतंय. शब्द दे." मी दिला. मग मी एक वाटी गरम केली, समोर बसलो, आणि त्यांनी ती संपवली. भोपळा. दुसरीही संपवली. जेवताना माझ्याकडे बघून विचारलं, डोक्यावरचे केस गळतात आणि भुवयांचे वाढतात, असं का रे? मी भिंतीवरचं पहिलं उत्तर शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, हे कोणी सांगितलं तुला, हुशार माणूस दिसतो. जाताना मी बाकीच्या चार चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. त्यांची ती ओळ मात्र पुसली नाही, तो हक्क माझा नाही.

सिस्टरना मी सगळं सांगितलं, तुझंसुद्धा. त्या ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्चीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, रिकाम्या डब्याला मी जेवलेला माणूस समजले. त्यांनी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे पुढच्या शुक्रवारची सकाळची अकराची वेळ घेतली आहे. घरचं माणूस सोबत लागतं. आणि तुझ्या वडिलांना तू सोडून कोणी नाही. त्या तुला फोन करणारच होत्या, मी हे पत्र पोचेपर्यंतची मुदत मागून घेतली, कारण फ्रिजमधल्या वाट्या आणि ती ओळ मी पाहिली आहे, आणि तुला हे अनोळखी आवाजात कळू नये असं मला वाटलं. म्हणून एकाच पत्रात दोन शब्द मोडतोय, एक तुला दिलेला, एक त्यांना. तोपर्यंत डबा रोज मीच नेईन आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठणार नाही. तू येशील त्या दिवशी डबा सायकलवाले काका आणतील, मी तिथे नसेन, घाबरू नकोस. फक्त एक ऐकून ठेव: त्यांनी तो प्रश्न विचारला की पत्रकाचं उत्तर द्यायचं, दुसरं कुठलंही नाही. स्वतःसाठी लिहू नकोस, तिच्या कामाचं असेल तेव्हा लिही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आज तुझ्या कामाचं आहे. नसतं तर फार बरं झालं असतं, मी आणखी कितीही महिने गप्प बसलो असतो. ये.

तुझाच, न विचारता,
काडेपेटी